क्योटोमधून कॅनडा बाहेर पडला, ती पूर्ण केस

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने हवामान बदल रोखायचा जागतिक पॅरिस करार दुसऱ्यांदा सोडायची ऑर्डर काढली, तेव्हापासून आमच्या जळगावच्या गटात एकच विषय निघतो, की सगळ्यात श्रीमंत देश निघून चाललाय मग भारताने आत राहून काय कमवायचं. गटात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली आहेत, रावेर-यावलकडचे केळीवाले आहेत, साक्रीचे एक मास्तर आहेत, त्यामुळे वाद पुस्तकी राहत नाही, लगेच वावरापर्यंत येतो. चर्चेला मी अमेरिकेची केस मुद्दाम घेतली नाही. ती अजून मिटलेलीच नाही, २०१७ ला घोषणा, ४ नोव्हेंबर २०२० ला बाहेर, फेब्रुवारी २०२१ ला परत आत, जानेवारी २०२६ ला परत बाहेर, सरकार बदललं की निर्णय बदलतो. कॅनडाची केस मात्र पूर्ण झालेली आहे. देश क्योटो करारात (पॅरिसच्या आधीचा, श्रीमंत देशांवर उत्सर्जन म्हणजे धूर कमी करायचं बंधन घालणारा करार) गेला, कबूल केलेलं जमलं नाही, बाहेर पडला, आणि पुढे काय झालं ते बघायला आता बरीच वर्षं हातात आहेत. म्हणून ती सविस्तर मांडतोय, माझं मत पण सोबत सांगतोय.

काय घडलं

डिसेंबर २०११. दक्षिण आफ्रिकेत डर्बनची हवामान परिषद लांबत लांबत ११ तारखेला संपली. कॅनडाचे पर्यावरण मंत्री पीटर केंट तिथून परतले आणि १२ तारखेला ओटावात पत्रकारांसमोर सांगून टाकलं की कॅनडा क्योटो करारातून बाहेर पडतोय. १५ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांकडे रीतसर नोटीस गेली. कराराच्या कलम २७ प्रमाणे नोटिशीनंतर एक वर्षाने बाहेर पडणं लागू होतं, म्हणजे १५ डिसेंबर २०१२. इथे तारखा नीट बघा. क्योटोचा पहिला हिशोबाचा काळ २००८ ते २०१२ असा होता, तो ३१ डिसेंबर २०१२ ला बंद होणार होता. म्हणजे हिशोब बंद व्हायच्या १६ दिवस आधी कॅनडाचं नाव यादीतून गेलं. नोटीस जानेवारीत दिली असती तर त्या काळाचा पूर्ण हिशोब अंगावर आला असता. मंजुरी देऊन नंतर क्योटो सोडणारा हा एकच देश, दुसरा कोणी नाही.

आत कसा गेला

माझ्या मते या केसचा जीव इथे आहे, २०११ मधे नाही.

क्योटो करार डिसेंबर १९९७ चा. त्याच्या महिनाभर आधी कॅनडाच्या केंद्र सरकारने आणि राज्यांनी (तिकडे त्यांना प्रांत म्हणतात) रेजायना शहरात बैठक घेतली आणि ठरवलं की २०१० पर्यंत उत्सर्जन १९९० च्या पातळीवर आणू, म्हणजे वाढ मागे घेऊ, त्याच्या खाली जायची भाषा नव्हती. आणि मग क्योटोत केंद्राने मान्य केलं १९९० पेक्षा ६ टक्के कमी. अमेरिकेने ७ घेतलं होतं, शेजारी एवढं घेतोय तर आपण फार मागे दिसायला नको, असा तो हिशोब होता. प्रांतांना हे जिव्हारी लागलं, कारण त्यांच्याशी बोलून ठरलेला आकडा वेगळाच होता. आणि कॅनडात जमिनीखालच्या तेल-वायूवर मालकी प्रांतांची असते, राज्यघटनेनेच तशी दिलेली आहे. अल्बर्टा प्रांताची तिजोरी बरीचशी तेल-वायूवर चालते, तिथले मुख्यमंत्री राल्फ क्लाइन यांनी तर क्योटोविरुद्ध मोहीमच चालवली.

मग २००१ मधे अमेरिकेच्या बुश सरकारने क्योटोला मंजुरी देणार नाही म्हणून सांगितलं. कॅनडाचा बहुतेक माल अमेरिकेत जातो, त्यामुळे गणितच बदललं, आपल्या कारखान्यांवर खर्च आणि सीमेपलीकडच्यांवर काहीच नाही. तरीसुद्धा पंतप्रधान ज्याँ क्रेतियाँ यांनी डिसेंबर २००२ मधे संसदेत मतदान घेऊन करार मंजूर केला. माणूस चांगल्या हेतूने गेला असं मला वाटतं. पण कोणता प्रांत किती कमी करणार, तेलवाल्यांनी काय करायचं, कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांतल्या कामगारांचं काय, यातलं पक्कं काहीच ठरलेलं नव्हतं. सही झाली, योजना नंतर बघू.

नंतर बघू म्हणता म्हणता २००० ते २०११ मधे अल्बर्टाच्या तेलवाळूतलं उत्पादन दुपटीहून जास्त झालं. तेलवाळू म्हणजे डांबरासारखं जड तेल वाळूत मिसळलेलं असतं, ते वेगळं काढायला वाफ लागते, वाफेला गॅस जाळावा लागतो, म्हणजे तेल जाळायच्या आधीच धूर. २००९ ला देशाचं उत्सर्जन १९९० पेक्षा साधारण १७ टक्के वर होतं. कबूल केलं होतं ६ टक्के खाली.

मधल्या काळात सरकारं पण बदलली. २००६ मधे स्टीफन हार्पर आले, त्यांच्या पक्षाचा क्योटोला विरोध जुनाच, पण बहुमत नव्हतं. विरोधकांनी २००७ मधे क्योटोची अंमलबजावणी सरकारवर बंधनकारक करणारा कायदाच पास करून घेतला. सरकारने कागदावर योजना दिल्या, त्यात ध्येय गाठायचं नाही हेही लिहिलं. पर्यावरणवाले कोर्टात गेले, २००८ मधे कोर्टाने सांगितलं की हा राजकीय प्रश्न आहे, यात आम्ही हुकूम देऊ शकत नाही. मे २०११ ला हार्परना पूर्ण बहुमत मिळालं आणि सात महिन्यांत नोटीस गेली.

निर्णयाच्या दिवशी टेबलावर काय होतं

केंट यांनी सांगितलेलं मुख्य कारण पैशाचं होतं. ध्येय गाठायचं तर बाहेरून कार्बन क्रेडिट (दुसऱ्याने केलेली कपात आपल्या नावावर मोजायचा हक्क) विकत घ्यावे लागतील, त्याला १४ अब्ज डॉलर, म्हणजे प्रत्येक कॅनेडियन कुटुंबामागे १६०० डॉलर. आकडा ऐकला की सामान्य माणूस म्हणणारच, सोडा तो करार. आमच्या गटातल्या मुलांची पण पहिली प्रतिक्रिया तीच होती.

पण क्योटोचे नियम उघडून बघितले की वेगळं दिसतं. ध्येय चुकलं तर रोख दंड नव्हताच. शिक्षा अशी होती की जेवढी तूट राहिली तिच्या १.३ पट कपात पुढच्या काळात करायची, आणि तोपर्यंत क्रेडिट विकायला बंदी. आणि पुढच्या काळात आपण ध्येय घेणार नाही हे कॅनडाने आधीच जाहीर केलेलं. मग १.३ पट कशाच्या? म्हणजे आत राहून, क्रेडिट न घेता, ध्येय चुकवलं असतं तरी खिशातून एक डॉलर गेला नसता. १४ अब्ज हा वचन पाळायचा खर्च होता, वचन मोडायचा नव्हता. हा फरक बातम्यांत हरवला आणि माझ्या मते लोकांची दिशाभूल इथेच झाली.

मग बाहेर पडले कशाला? माझा अंदाज असा, की आत राहून चुकले असते तर कराराच्या समितीसमोर नाव पुकारलं गेलं असतं, तूट अधिकृत नोंदली गेली असती, आणि २००७ चा कायदा अजून जिवंत होता तो परत परत कोर्टात ओढला गेला असता. बाहेर पडल्यावर हे सगळं एका झटक्यात संपलं, तो कायदा २०१२ मधे रद्द पण केला. मॉन्ट्रियलचे कायद्याचे प्राध्यापक डानिएल तुर्प कोर्टात गेले होते की संसदेला न विचारता करार कसा सोडता, त्यांचा अर्ज २०१२ ला फेटाळला गेला, कारण तिकडे करार करणं आणि मोडणं हा मंत्रिमंडळाचा अधिकार आहे.

केंट यांचं दुसरं कारण जास्त वजनदार होतं आणि ते आपण भारतीयांनी नीट ऐकायला पाहिजे. ते म्हणाले की क्योटोत अमेरिका नाही, चीनवर बंधन नाही, जगाचं ३० टक्क्यांपेक्षा कमी उत्सर्जन या करारात येतं, मग याने काय थांबणार. हे खोटं नव्हतं. बंधन नसलेल्यांत आपण पण होतो. साक्रीच्या मास्तरांनी लगेच उत्तर दिलं की कॅनडाचा एक माणूस वर्षाला २० टनांच्या आसपास, आपला त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढा, मग दोघांना सारखं कसं मोजायचं. बरोबर आहे, जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही हे तत्त्व १९९२ च्या मूळ करारातच लिहिलंय आणि भारताने ते सोडू नये. पण ज्या करारात सगळ्यात मोठे दोघं बांधलेले नाहीत तो टिकणार नाही, हेही तेवढंच खरं निघालं. जपान, रशिया, न्यूझीलंड यांनी दुसऱ्या काळात ध्येय घेतलं नाही, ते गाजावाजा न करता बाजूला बसले. पॅरिसची रचना नंतर जी बदलली, प्रत्येकाने स्वतःचा आकडा स्वतः सांगायचा, ती याच अनुभवातून.

पुढे काय झालं

बाहेर पडल्यावर कॅनडात धूर वाढतच गेला असं पण नाही आणि कमी झाला असंही नाही, जिथे लोकांनी ठरवलं तिथे कमी झाला. ओंटारिओ प्रांतात २००३ च्या सुमाराला जवळपास पाव वीज कोळशाची होती, तिथे कोळसा बंद करायचं ठरलं आणि एप्रिल २०१४ ला शेवटचं केंद्र बंद झालं, केंद्र सरकार क्योटोत असो नसो. ब्रिटिश कोलंबियाने २००८ ला कार्बन कर लावला, क्युबेकने कॅलिफोर्नियाबरोबर कार्बन बाजार जोडला. उलट अल्बर्टाचं तेल वाढत राहिलं. २०१५ ला ट्रूडो आले, पॅरिसला सही केली, २०१८ ला देशभर कार्बनला किंमत लावणारा कायदा केला, प्रांत परत कोर्टात गेले, २०२१ ला सुप्रीम कोर्टाने केंद्राच्या बाजूने निकाल दिला, आणि १ एप्रिल २०२५ पासून मार्क कार्नी सरकारने सामान्य ग्राहकावरची ती आकारणी शून्य केली. म्हणजे १९९७ ला प्रांतांशी जे भांडण सुरू झालं ते अजून संपलेलं नाही.

यात एक धागा थेट खान्देशात येतो. क्योटोमधे सीडीएम नावाची सोय होती, श्रीमंत देशाला घरी कपात महाग पडत असेल तर त्याने गरीब देशातल्या स्वच्छ प्रकल्पाचे क्रेडिट विकत घ्यायचे. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर ज्या पवनचक्क्या आहेत त्यातले काही प्रकल्प या सोयीत नोंदवलेले होते. क्रेडिटचा भाव २००८ ला २० युरोच्या आसपास गेला होता, २०१२ संपता संपता १ युरोच्या खाली आला. याला एकटा कॅनडा कारण नाही, मुख्य गिऱ्हाईक युरोप होता आणि तिथे मंदी आली, नियम कडक झाले. पण अमेरिका आलीच नाही, कॅनडा निघाला, जपान बाजूला बसला, म्हणजे गिऱ्हाईकच उरलं नाही. मास्तर सांगतात, पठारावरच्या एका म्हाताऱ्याने त्यांना विचारलं होतं, "पंखा त आमना वावरमा फिरस, पैसा कथा जास भाऊ?" क्रेडिट तेजीत होते तेव्हाही त्या म्हाताऱ्याला त्यातलं काही मिळालं नाही, जमिनीचे एकदा काय मिळाले तेवढेच. मला याची चीड येते. बाहेर पडणाऱ्याला दोष देताना आतल्यांनी पैसा शेवटच्या माणसापर्यंत नेला का, हेही विचारायला पाहिजे.

आपल्याकडचा जुना करार

गटात मला सगळ्यात जास्त शिकवून गेली ती फड पद्धतीची चर्चा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, पांझरा नदीवर धुळे-साक्री भागात काही शे वर्षांपासून दगडी बंधारे आहेत, बंधाऱ्यावरून पाट निघतो, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस तर ऊस, गहू तर गहू. पाणी सोडायला पाटकरी गावानेच नेमलेला, त्याची मजुरी धान्यात. पाणी कमी असलं की त्या वर्षी किती फड भिजवायचे ते बसून ठरायचं, मग मोठा शेतकरी असो की छोटा, न भिजणाऱ्या फडात सगळ्यांचेच तुकडे असायचे, म्हणून नुकसान वाटलं जायचं. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस. यावर लेखी करार कुठे नाही, कोर्ट नाही.

मग विहिरी झाल्या, विहिरींवर मोटारी बसल्या. ज्याच्या विहिरीला पाणी, तो गाळ काढायला येईनासा झाला. त्याने काही गुन्हा केला नाही, त्याला गरजच उरली नाही. पण त्याच्या वाटचा गाळ तसाच राहिला आणि पाट खालच्या बाजूला कोरडा पडत गेला, म्हणजे ज्याच्याकडे विहीर नाही त्याच्याकडे. वरती धरणं झाली हे पण कारण आहे, सगळं खापर मोटारीवर फोडत नाही. कॅनडाची विहीर म्हणजे अल्बर्टाचं तेल, आणि अमेरिकेची तर त्याहून खोल.

आणि भारत? भारत खालच्या बाजूचा आहे हे ज्याला पटत नाही त्याने मे महिन्यात रावेरला यावं. दुपारी केळीच्या बागेत उभं राहिलं की कडेच्या रांगांची पानं करपून चिंध्या झालेली दिसतात, म्हणून लोक बागेभोवती शेवरी लावतात, हिरवी जाळी बांधतात, ठिबक रात्रंदिवस चालवतात. हिवाळ्यात उलटं, पारा खाली गेला की चरका बसतो, निसवणीला आलेला घड खोडात अडकतो. फळपीक विमा हवामानावर आहे, पण तो तुमच्या बागेचं नुकसान बघत नाही, महसूल मंडळाच्या केंद्रावरचा पारा ठरलेल्या आकड्यावर सलग ठरलेले दिवस गेला का ते बघतो. मधे एक दिवस पारा जरा उतरला की साखळी तुटली, बाग करपलेलीच. गटातल्या एका ताईंची बाग अशीच गेली होती. त्या म्हणाल्या, दादा, आम्हाला कुठून बाहेर पडायची सोय आहे सांगा.

मग भारताने काय करावं

राहावं. माझं मत स्पष्ट आहे आणि कारणं भावनेची नाहीत.

पॅरिसमधे राहायला भारताला असं काही द्यावंच लागत नाही जे त्याने स्वतः ठरवलेलं नाही. २ ऑक्टोबर २०१६ ला आपण मंजुरी दिली. २०२२ ला सुधारून सांगितलेली आपली वचनं अशी, २०३० पर्यंत जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन २००५ पेक्षा ४५ टक्के कमी, आणि वीज क्षमतेतला निम्मा हिस्सा कोळसा-तेल-वायूशिवायचा. दुसरं २०२५ च्या मध्यातच पूर्ण झालं, पाच वर्षं आधी. (क्षमता म्हणतोय, प्रत्यक्ष वीज अजून बहुतेक कोळशाचीच आहे, या दोन्हीत गल्लत करू नका.) भुसावळला ६६० मेगावॉटचा नवा कोळशाचा संच आपण पॅरिसमधे असतानाच उभा राहिला, साक्रीत शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सोलर प्रकल्प पॅरिसच्या आधीच झाला. म्हणजे करारामुळे हात बांधले गेले हा दावा निदान आपल्या तीन जिल्ह्यांत तरी दिसत नाही.

बाहेर पडून काय वाचेल? युरोप जानेवारी २०२६ पासून स्टील, अॅल्युमिनियम, सिमेंट यांच्यावर सीमेवर कार्बनची वसुली लावतोय, ती तुम्ही करारात आहात की नाही बघून लागत नाही, मालामागचा धूर बघून लागते. ती टळणार नाही. आणि जाईल काय? बसायची जागा. २०२४ ला बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचं ठरवलं तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने तिथेच उठून सांगितलं की हे फार तोकडं आहे आणि आम्हाला मान्य नाही. नुकसानभरपाईचा निधी शर्म अल शेखच्या परिषदेत २०२२ मधे मान्य झाला तो गरीब देश अनेक वर्षं आत बसून मागत राहिले म्हणून. बाहेरच्याला यातलं काहीच मागता येत नाही.

दंडाचा मुद्दा राहिला. गटातल्या पोरांना वाटतं पॅरिसमधे शिक्षा नाही म्हणून तो लुळा आहे. मला वाटतं शिक्षेने काम होत नाही हे क्योटोने दाखवलंच, ज्याच्यावर शिक्षा येणार होती तो १६ दिवस आधी निघून गेला. जे टिकलं ते ओंटारिओत टिकलं, जिथे कोळसा बंद करणं तिथल्याच सरकारने स्वतः अंगावर घेतलं होतं.

म्हणून माझी खरी काळजी भारत बाहेर पडेल ही नाही. दर पाच वर्षांनी आकडा वाढवायचा आहे, २०७० पर्यंत निव्वळ शून्य (जेवढा धूर सोडू तेवढा शोषला पण जाईल) म्हणून सांगून ठेवलंय, आणि १९९७ ला कॅनडाने अल्बर्टाला न विचारता जसा आकडा घेतला तसं आपल्याकडे होऊ शकतं. भुसावळच्या दीपनगर वीज केंद्रातून रिटायर झालेले आप्पा बैठकीला येतात. त्यांनी एकच विचारलं, २१० मेगावॉटचा जुना संच आणि ५०० चे दोन कधी बंद करणार ते ठरलंय का, आणि ठरलं तर परमनंट माणसाची बदली होईल, पण कंत्राटी पोरं, राखेचे डंपरवाले, राखेच्या विटा पाडणारे, गेटसमोरच्या टपऱ्या यांचं काय. आमच्यापैकी कोणालाच आप्पांना उत्तर देता आलं नाही. पुढचा आकडा दिल्लीत ठरायच्या आधी भुसावळ आणि वरणगावच्या लोकांना बोलावून हे विचारलं गेलं पाहिजे, त्यांच्यासमोर वर्षवार यादी ठेवली पाहिजे, कोणता संच कधी, कोणाला कुठे काम, पैसा कोणत्या खात्यातून. आमच्या गटाने हे प्रश्न लिहून काढलेत, जिल्ह्याच्या आमदार-खासदारांना याच महिन्यात देणार आहोत, भुसावळकडच्या कोणाला सही करायची असेल तर त्यांनी आप्पांशी बोलावं.